लोकलचा दोन डोसवाला पास: वापरून झाल्यावरचं माझं मत

ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये चढायला कोरोना लशीचे दोन्ही डोस झाल्याचा पास लागायचा. तो दोन डोसवाला पास आता कुणाला लागत नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि त्यांच्याबरोबर ही अटही गेली. तरी मी त्याच्याबद्दल लिहितेय, कारण आमच्या लेडीज डब्यात हा विषय अजून निघतो आणि निघाला की दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, त्या पासामुळेच आपण वाचलो. दुसरीचं म्हणणं, तो नुसता छळ होता. मी त्याला पाचपैकी अडीच गुण देते. पुन्हा अशी साथ आली तर ‘लस घेतलेल्यांनाच गाडीत घ्या’ असं कुणीतरी म्हणणारच आहे, आणि तेव्हा ज्यांनी हा पास हातात धरून प्रवास केला त्यांचं म्हणणं कुठेतरी लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

मी भांडुपला राहते. मशीद बंदरला मसाल्याच्या घाऊक पेढीवर हिशेब बघते. सुंठ, लवंग, जायफळ, वेलची. गोण्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या तपासायच्या, बिलं टाकायची, संध्याकाळी रोकड जुळवायची. घरून काम ही गोष्ट आमच्या धंद्यात बसत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, जूनमध्ये अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी सुरू झाली. आमचा माल अत्यावश्यक होता, पण गाडीत चढायला लागणाऱ्या यादीत पेढीवरची माणसं नव्हती. ऑक्टोबरमध्ये बायकांना गर्दीची वेळ सोडून परवानगी मिळाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना ठरावीक वेळांत, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दार बंद. मधल्या काळात मी बेस्टने जात होते. भांडुप ते मशीद, बस बदलत, वाहतूक असेल तशी कधी दोन तास, कधी अडीच. घरी पोचेपर्यंत पाय सुजलेले असायचे.

त्यामुळे ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी टीव्हीवर सांगितलं की १५ ऑगस्टपासून दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल मिळेल, तेव्हा आमच्या चाळीत लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

आधी चांगलं सांगते, कारण ते खूप चांगलं होतं. स्मार्टफोन नसलेल्या माणसाला या पासातून वगळलं नव्हतं. ११ ऑगस्टपासून मुंबईतल्या ५३ स्टेशनांवर टेबलं लागली, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत. प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. टेबलावरचा माणूस प्रमाणपत्र तपासायचा, झेरॉक्सवर आणि ओळखपत्राच्या प्रतीवर शिक्का मारायचा, आणि तो कागद तिकीटखिडकीवर दाखवला की महिन्याचा पास मिळायचा. बस, इतकंच. माझी पाळी आली तेव्हा पाच मिनिटं लागली असतील. माझ्यापुढे एक आजोबा होते, त्यांच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव थोडं वेगळं होतं. टेबलावरच्या मुलाने त्यांना परत पाठवलं नाही. जन्मसाल आणि आधारचे शेवटचे आकडे जुळवून बघितले आणि शिक्का मारला. सरकारी कामात असं डोकं आणि मन दोन्ही वापरलेलं दिसलं की मला फार बरं वाटतं.

ऑनलाइन पासही नंतर ठीक चालला. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, कोविनवरची, म्हणजे सरकारच्या लस-नोंदणीच्या साइटवरची, माहिती आपोआप दिसायची, फोटो चढवायचा आणि एक-दोन दिवसांत मेसेजने लिंक. त्यावर क्यूआर कोड. पुढे मॉलमध्ये, ऑफिसांमध्येही तोच चालायचा.

अडचण त्या मोबाइल नंबरात होती. कोविनवर एका नंबरावर चार माणसांची नोंदणी व्हायची. आमच्या घरी काम करणाऱ्या ताईंची नोंदणी माझ्या नंबरावर होती, त्यांच्या सुनेची नोंदणी त्या जिथे दुसरीकडे काम करतात त्या बाईंच्या नंबरावर. म्हणजे ताईंना पास काढायचा तर ओटीपी माझ्या फोनवर, सुनेला काढायचा तर ओटीपी तिसऱ्याच घरात. ताईंचा मी काढून दिला. पण स्वतःच्या प्रवासाचा परवाना मालकिणीच्या मोबाइलमध्ये असणं हे बरोबर नाही. ताई काही बोलल्या नाहीत, पण काम सोडायचं ठरवलं असतं तर त्यांनी ओटीपी कुणाकडे मागितला असता?

आता गुण कुठे कापले ते सांगते.

पहिला मोठा मुद्दा वयाचा. ४५ च्या वरच्यांना लस १ एप्रिल २०२१ पासून खुली झाली आणि १८ ते ४४ वयाच्यांना १ मेपासून. पण मे महिन्यात लसच नव्हती, राज्यात तरुणांचं लसीकरण थांबवावं लागलं. सरकारी केंद्रावर सगळ्या प्रौढांना मोफत लस मिळायला लागली ती २१ जूनपासून. मधल्या काळात १३ मेला कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं होतं. आता हिशेब करा, हे माझं रोजचं काम आहे. कुणी अगदी २१ जूनलाच पहिला डोस घेतला असेल, तर ८४ दिवसांनी १३ सप्टेंबर, त्यावर चौदा दिवस म्हणजे २७ सप्टेंबर. स्वातंत्र्यदिनाला उघडलेलं दार त्या माणसाला सप्टेंबरअखेर उघडणार. त्याने काही चुकवलेलं नाही, कुठे टाळाटाळ केलेली नाही.

आमच्या घरातच हे दिसलं. माझे यजमान तेव्हा ४६ वर्षांचे, त्यांचं ऑफिस घरून चालू होतं. त्यांचे दोन्ही डोस जुलैत झाले, १५ ऑगस्टला ते पासासाठी पात्र, पण त्यांना कुठे जायचंच नव्हतं. मी ४३ ची, रोज जाणारी, आणि मी ऑक्टोबरपर्यंत बसमध्ये. आमच्या पेढीवरचे हमाल तर पंचवीस-तीस वर्षांचे. ज्यांना घरी बसून चालत नाही तेच वयाने लहान होते, आणि लहान असल्यामुळे रांगेत शेवटी होते. पासाची तारीख ठरवताना लशीची तारीख कुणी शेजारी ठेवून पाहिली असती तर हे कागदावरच दिसलं असतं.

याच्या शेजारी माझ्या भाच्याची गोष्ट ठेवते. तो त्याच वर्षी शिकायला जर्मनीला गेला. शिक्षण, नोकरी किंवा ऑलिम्पिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना केंद्राने जूनमध्ये सवलत दिली होती, दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता यायचा. प्रवेशपत्र दाखवून त्याने राजावाडी हॉस्पिटलात दोन्ही डोस घेतले, प्रमाणपत्रावर पासपोर्टचा नंबर जोडला आणि गेला. त्याला ती सवलत मिळाली याचा मला आनंदच आहे, पोराचं वर्ष वाचलं. पण भांडुपहून म्युनिकला जाणाऱ्याला २८ दिवस आणि भांडुपहून मशीदला जाणारीला ८४ दिवस, यामागे वैद्यकशास्त्र नव्हतं. दोघांच्या दंडात एकच लस होती.

भाच्याच्या कागदाचीही फरफट झाली म्हणा. युरोपचं डिजिटल प्रमाणपत्र १ जुलै २०२१ ला सुरू झालं, तेव्हा ॲस्ट्राझेनेकाची युरोपात बनलेली लस त्यांच्या यादीत होती आणि त्याच सूत्राची पुण्यात बनलेली कोव्हिशिल्ड नव्हती. एकेका देशाने ती वेगळी मान्य केली, जर्मनी त्यांत सुरुवातीलाच होती म्हणून तो सुटला. ब्रिटनने तर लस मान्य केली आणि भारतीय प्रमाणपत्रावर अडून बसलं, ते ऑक्टोबरपर्यंत. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत ३ नोव्हेंबर उजाडला. शरीरातलं संरक्षण तेच, कागद मात्र सीमेगणिक खरा-खोटा ठरत होता.

दुसरा मुद्दा बसचा, आणि माझ्या मते सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा सगळ्यात वजनदार आहे. त्या ऑगस्टमध्ये बेस्टला लशीची अट नव्हती. म्हणजे ज्यांना डोस मिळाला नव्हता ती माणसं घरी बसली नाहीत. ती माझ्यासारखी बसमध्ये होती, शेअर रिक्षात होती, टेम्पोत होती, आणि अर्ध्या तासाऐवजी दोन तास एकमेकांच्या श्वासात होती. संसर्ग रोखायचा तर लस न घेतलेला माणूस बंद जागेत कमी वेळ असायला हवा. पासाने त्याला गाडीतून उतरवलं आणि बसमध्ये बसवलं.

तिसरा मुद्दा, सुरुवातीला फक्त महिन्याचा पास मिळायचा, रोजचं तिकीट नाही. ते सुटायला ऑक्टोबरची अखेर आली. ताईंची आई अंबरनाथला एकटी राहायची, ताई रविवारी तिला बघायला जायच्या. रविवारच्या फेऱ्यांसाठी त्यांना अख्ख्या महिन्याचा पास काढावा लागला. त्यातून कुठला विषाणू अडला, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता या पासाचं जे खरं काम झालं ते सांगते. आमच्या पेढीवरच्या हमालांमध्ये लशीबद्दल भीती होती. ताप येतो, हात उचलत नाही, हजेरी बुडते, गावाकडून फोनवर काहीबाही ऐकलेलं. शेठनी समजावलं, मी समजावलं, फरक पडला नाही. लोकलची घोषणा झाली आणि त्याच आठवड्यात ही पोरं पहाटे पाचला पालिकेच्या केंद्रावर रांगेत होती. भीती गेली नव्हती, पण बसमध्ये जाणारे चार तास आणि डब्यात मिळणारी झोप यांचा हिशेब त्यांना कळत होता. फ्रान्समध्येही असंच झालं होतं. अध्यक्ष मॅक्रॉन यांनी जुलै २०२१ मध्ये उपाहारगृहं आणि लांबच्या गाड्यांसाठी प्रमाणपत्राची घोषणा केली आणि एका दिवसात नऊ लाखांहून जास्त लोकांनी लशीची वेळ घेतली. लस घेतलेल्यांना गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका कितीतरी कमी होता, हे तर तिसऱ्या लाटेत सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे त्या पोरांपैकी एक जरी हॉस्पिटलात जायचा वाचला असेल, तर त्याचं श्रेय मी या पासाला देते. माझे अडीच गुण बहुतेक सगळे याचे आहेत.

पण फाटकावर उभं राहून तो पास संसर्ग अडवत होता का? इथे मला आमच्या शेठच्या मुलाचं पिवळं कार्ड आठवतं. तो सुंठेच्या खरेदीसाठी नायजेरियाला जातो. जायच्या आधी जे. जे. मध्ये यलो फिव्हरची लस टोचून घ्यावी लागते, दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. कार्डाशिवाय परतला तर सहा दिवस वेगळं ठेवतात. हा नियम कडक आहे आणि मला तो पूर्ण पटतो. यलो फिव्हर पसरवणारा डास आपल्याकडे आहे, आजार आपल्याकडे नाही. एका डोसाने संरक्षण टिकतं. म्हणून एक कार्ड तपासलं की अख्ख्या देशाचं रक्षण होतं. कोरोनाचं यातलं काहीच नव्हतं. आजार फलाटाच्या दोन्ही बाजूंना होता, लस घेतलेल्यालाही लागण होत होती आणि त्याच्याकडून पुढे जात होती, फक्त कमी प्रमाणात, आणि तेही काही महिन्यांनी ओसरत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्येच सांगितलं होतं की आंतरराष्ट्रीय प्रवासाला कोरोना लशीच्या पुराव्याची अट घालू नका, कारण लस संसर्ग किती रोखते हे स्पष्ट नाही आणि लस सगळ्यांना पुरेशी नाही. ही दोन्ही कारणं आमच्या फलाटालाही लागू होती.

ओमायक्रॉनने ते उघडं पाडलं. देशातल्या पहिल्या दोन रुग्णांपैकी एक जण दोन्ही डोस घेतलेला परदेशी प्रवासी होता, येताना निगेटिव्ह अहवाल घेऊन आलेला. कागद सगळे बरोबर होते. ७ जानेवारी २०२२ ला मुंबईत एका दिवसात वीस हजारांहून जास्त रुग्ण सापडले, आणि तेव्हा आम्ही सगळे दोन डोसवालेच एकमेकांना चिकटून उभे होतो. पासाने एक वाईट गोष्ट केली असेल तर ती इथे. ‘आपण सगळे डोसवाले’ म्हणून डब्यात मास्क हनुवटीवर आले. खिडक्या पावसासाठी बंद झाल्या, कुणी उघडल्या नाहीत. मी म्हटलं तर उत्तर यायचं, अगं, आता सगळ्यांचे डोस झालेत ना. जर्मनीत भाच्याला लस, बरं झाल्याचा दाखला किंवा चाचणी, यांपैकी एक दाखवून आत जाता यायचं. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत आजारी पडून उठलेल्या माणसाची कुठेच गणती नव्हती.

कागदावर विसंबण्याचा आणखी एक धोका मुंबईने आधीच पाहिला होता. मे २०२१ मध्ये कांदिवलीतल्या एका सोसायटीत शेकडो लोकांना बनावट शिबिरात टोचलं गेलं, प्रमाणपत्रं भलत्याच हॉस्पिटलांच्या नावाने आली. त्या लोकांनी पैसे भरले, दंड पुढे केला, आणि आपण सुरक्षित आहोत असं समजून राहिले. प्रवेशाला कागदाची किंमत आली की कागद विकणारे येतातच.

कोर्टातही हा विषय गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलच्या या अटीचे आदेश ज्या पद्धतीने निघाले त्यावर बोट ठेवलं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, साथ कमी असताना लस न घेतलेल्यांवर बंधनं घालणं प्रमाणाबाहेर आहे, मात्र लोकहितासाठी सरकार वाजवी मर्यादा घालू शकतं. मला हे पटतं. आमची पेढी मशीद बंदरजवळच्या मांडवी भागात आहे. १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो याच मांडवीत, आणि त्यानंतर लगेच आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे. साथीत प्रवाशाला थांबवण्याचा हक्क सरकारला असायलाच हवा. तो वापरताना लोकांच्या दारात औषधही आलेलं असावं.

म्हणून पुढच्या वेळेसाठी माझ्या मागण्या सांगते. लस घ्यायची मुभा मिळाल्यावर दोन डोस आणि चौदा दिवस पूर्ण व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ सगळ्या वयांना मिळाल्याशिवाय अट लावू नका. बसला नसलेली अट गाडीला लावू नका. एका दिवसाचं तिकीट पहिल्या दिवसापासून द्या. डब्यात मास्क आणि उघडी खिडकी यांची घोषणा पासाच्या घोषणेइतक्याच वेळा करा.

आणि सगळ्यात आधी, ते शिक्क्याचं टेबल. आमच्या ताईंची सून ऑगस्टमध्ये त्या टेबलापर्यंत गेली होती. एकच डोस झाला होता, तोही जुना, चौऱ्याऐंशी दिवस उलटून गेलेले. दुसऱ्या डोससाठी ती केंद्रावर जाऊन आली होती, पण कुपनं सकाळीच संपायची आणि तिची कामाची घरं सकाळचीच होती. टेबलावरच्या मुलाने तिला अगदी नीट, सभ्यपणे सांगितलं की दोन डोस झाल्यावर या. फलाट समोर होता, रात्रीचे आठ वाजले होते, टेबल अकरापर्यंत उघडं होतं. त्याच टेबलामागे लशीची पेटी आणि एक नर्स असती, तर तिचा डोस त्याच रात्री झाला असता आणि चौदा दिवसांनी ती गाडीत असती. तिला दुसरा डोस मिळाला तो सप्टेंबरच्या मध्यावर, पालिकेने बायकांसाठी वेगळा दिवस ठेवला तेव्हा.